धाकट्या भावाचे कायदेशीर पालकत्व कसे मिळवावे?

प्रश्न : माझा ३४ वर्षांचा धाकटा भाऊ बौद्धिकदृष्ट्या अक्षम आहे. वडील गेल्यापासून आईच त्याचे सारे पाहते, पण आता ती थकली आहे आणि बँक पालकत्वाचे प्रमाणपत्र मागते आहे. त्यासाठी न्यायालयात जावे लागेल का?

उत्तर १ : सहसा नाही. राष्ट्रीय न्यास कायदा, १९९९ नुसार स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, बौद्धिक अक्षमता किंवा बहुविकलांगता असलेल्या व्यक्तीसाठी पालक नेमण्याचा अधिकार स्थानिक स्तर समितीला असून जिल्हाधिकारी तिचे अध्यक्ष असतात. आई अर्ज करू शकते, तसेच नातेवाईक म्हणून तुम्हीही करू शकता.

उत्तर २ : मी माझ्या बहिणीची पालक आहे. नेमणुकीनंतर सहा महिन्यांत तिच्या मालमत्तेची यादी आणि पुढे दर आर्थिक वर्ष संपल्यावर तीन महिन्यांत हिशेब द्यावा लागतो, हे मला फार उशिरा कळले; तुम्ही पहिल्या दिवसापासून वेगळी वही ठेवा. शिवाय, पालकाची खरोखर गरज आहे का आणि नेमकी कोणत्या कामांसाठी आहे, याचा विचार समितीने करणे कायद्याला अपेक्षित आहे. म्हणून अर्ज करण्यापूर्वी भावाला शांतपणे, त्याला उमजेल अशा शब्दांत सारे सांगा आणि त्याचे म्हणणे ऐका.