धनाग्र ऋण कसं? वैद्युतरसायनात अडकलेय

बारावी, रामबाग (इंदूर):
नमस्कार. मी एमपी बोर्डाची, हिंदी माध्यमाची. केमिस्ट्रीचा वैद्युतरसायनाचा धडा तिसऱ्यांदा वाचतेय आणि दर वेळी एकाच जागी अडते.

डॅनियल सेलमध्ये (जस्त-तांब्याची साधी बॅटरी) जस्ताची पट्टी एनोड, आणि ती ऋण. तांब्याची पट्टी कॅथोड, ती धन. इथवर ठीक. पण माझ्या काकांचं छत्रीबागेकडे निकेल चढवायचं छोटं काम आहे, सुट्टीत मी तिथे जाऊन बसते. काका पितळेची निरांजनं तारेला बांधून रेक्टिफायरच्या (एकाच दिशेने वीज देणारं यंत्र) मायनसला लावतात, निकेलच्या पट्ट्या प्लसला. पुस्तकाप्रमाणे निरांजन झालं कॅथोड. मग सेलमध्ये कॅथोड धन आणि काकांच्या टाकीत कॅथोड ऋण, हे कसं?

त्यात आई जळगावची, दहावीपर्यंत मराठीत शिकलेली. ती म्हणते, एनोड म्हणजे धनाग्र, कॅथोड म्हणजे ऋणाग्र, नावातच उत्तर आहे. मग जस्ताचं धनाग्र ऋण का? क्लासमध्ये विचारलं तर म्हणाले, चिन्हं पाठ कर, पेपरला तेवढंच लागतं. मला पाठ नाही करायचंय, समजून घ्यायचंय. परीक्षेआधी कुणी समजावेल का?

निवृत्त मास्तर, लोकमान्य नगर:
बेटा, प्रश्न अगदी बरोबर जागी पडलाय. आधी धन-ऋण बाजूला ठेव. जिथे ऑक्सिडीकरण होतं, म्हणजे इलेक्ट्रॉन सुटतात, तो एनोड. जिथे क्षपण होतं (तुमच्या पुस्तकातलं अपचयन) तो कॅथोड. सेल असो की टाकी, हे कधी बदलत नाही.

आता चिन्ह. डॅनियल सेलमध्ये जस्त आपणहून इलेक्ट्रॉन सोडतं, ते पट्टीवर साठतात, म्हणून ती पट्टी ऋण. ढकलणारं बाहेर कुणी नाही. जस्ताचं विभव (इलेक्ट्रॉन ओढून घेण्याचा कल) -0.76 व्होल्ट, तांब्याचं +0.34, फरक 1.10. काकांच्या टाकीत मात्र रेक्टिफायर जबरदस्तीने निरांजनात इलेक्ट्रॉन भरतो, म्हणून निरांजन ऋण. द्रावणातले निकेलचे आयन तिथे येऊन ते इलेक्ट्रॉन घेतात आणि धातू होऊन बसतात. इलेक्ट्रॉन घेतले म्हणजे क्षपण, म्हणून तो कॅथोड.

आईही चुकत नाहीत. विद्युत अपघटनात, म्हणजे काकांच्या टाकीसारखी बाहेरून वीज दिली की, धनाग्र हा शब्द चपखल बसतो, सेलमध्ये तोच नडतो. फॅरेडेने 1834 साली एनोड, कॅथोड हे शब्द वापरात आणले, विल्यम व्ह्यूएल या इंग्रज विद्वानाने सुचवलेले. ग्रीकमध्ये अर्थ वर जाणारी वाट आणि खाली उतरणारी वाट. त्यात धन-ऋण नव्हतंच.

स्कूटरची लेड बॅटरी घे. तिच्या मायनसवर मायनस कायमचं कोरलेलं असतं. गाडी सुरू करताना तिथलं शिसं ऑक्सिडीकृत होतं, तेव्हा ते टोक एनोड. चार्जिंगला लावली की तेच टोक कॅथोड. चिन्ह तेच, नाव उलटलं. हे उदाहरण वहीत स्वतःच्या हाताने काढ, दोन्ही बाणांसकट.

प्लेटिंगवाला, वडोदरा:
ताई, तारा उलट्या लागल्या की काय होतं तेही सांगतो. आमच्याकडे एकदा नव्या मुलाने असंच केलं. पितळ विरघळायला लागलं, वस्तू काळपट पडली, आणि तांबं-जस्त टाकीत उतरल्याने पुढचा सगळा माल डागाळला. त्या दिवशी निरांजन एनोड झालं होतं. काकांना विचारा, त्यांनाही आठवत असेल.

बारावी, रामबाग (इंदूर):
मास्तरकाका, बॅटरीचं चित्र काढलं आणि लख्ख कळलं. आईलाही दाखवलं, ती दोनदा वाचून म्हणाली, हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं.

मग काल काकांकडे गणित करून पाहिलं. 2 अँपिअर, 30 मिनिटं, म्हणजे 3600 कूलॉम. भागिले 96500 (एक मोल इलेक्ट्रॉनांचा भार), मग निकेलला दोन इलेक्ट्रॉन म्हणून भागिले 2, गुणिले निकेलचा अणुभार 58.7. आले 1.09 ग्रॅम. सराफ्यातल्या शेजाऱ्यांच्या काट्यावर निरांजन आधी आणि नंतर, नीट सुकवून तोललं. भरलं 1.04. कुठे चुकले?

निवृत्त मास्तर, लोकमान्य नगर:
गणित बरोबर आहे. पुढच्या वेळी निरांजनावर बारीक बुडबुडे दिसतात का बघ. तो हायड्रोजन. थोडे इलेक्ट्रॉन निकेलऐवजी त्याच्याकडे गेले, तेवढं वजन कमी भरलं.