अभ्यासक्रम आणि प्रवेशनियम एकाच ठरावात बदलायचे आहेत : छाननी समितीने नेमके काय तपासावे?

कोरी पाटी

नमस्कार. आमच्या विद्यापीठाच्या विद्या परिषदेने एका पदवी अभ्यासक्रमातील आणि त्याच्या प्रवेशनियमांतील बदलांचा प्रस्ताव छाननीसाठी एका छोट्या समितीकडे सोपवला आहे आणि त्या समितीत माझी नेमणूक झाली आहे. माझ्या स्वतःच्या विषयाच्या अभ्यास मंडळावर मी काम केले आहे. परंतु दुसऱ्या विभागाचा प्रस्ताव तपासून त्यावर मत देण्याची वेळ प्रथमच आली आहे, त्यामुळे ज्यांनी असे काम केले आहे त्यांचे मार्गदर्शन हवे आहे.

प्रस्तावात मुख्यतः तीन बदल आहेत. अनिवार्य विषय कमी करून ऐच्छिक विषय वाढवायचे आहेत आणि त्या ओघात दुसऱ्या सत्रातला सांख्यिकीचा विषय ऐच्छिक होणार आहे. विद्यापीठाची स्वतःची लेखी प्रवेश परीक्षा बंद करून शालेय गुण आणि मुलाखत यांच्या आधारे प्रवेश द्यायचे आहेत. शिवाय प्रवेशक्षमता ६० वरून ९० करायची आहे. तिन्ही गोष्टी एकाच ठरावात बांधल्या आहेत. प्रास्ताविकात लवचिकता, सर्वसमावेशकता आणि काळाची गरज हे शब्द पुष्कळ वेळा येतात, पण प्रवेश परीक्षा का नको याचे कारण एकाच वाक्यात दिले आहे : परीक्षेतील गुण आणि पहिल्या वर्षाचा निकाल यांच्यात फारसा संबंध आढळला नाही.

माझे प्रश्न असे आहेत. वाचनाला सुरुवात कुठून करावी? संबंध आढळला नाही हे विधान समितीने मान्य करावे का? आणि तिन्ही बदलांचे स्वतंत्र ठराव करा, असे सुचवणे औचित्याला धरून होईल का?

समासटीप

प्रस्तावाचे प्रास्ताविक सर्वांत शेवटी वाचावे, असे माझे मत आहे. प्रास्ताविक ज्यांनी लिहिलेले असते त्यांनी परिशिष्टे तयार केलेली असतातच असे नाही, आणि विद्यार्थ्याच्या वाट्याला येतात ती परिशिष्टे. सुरुवात पहिल्या सत्राच्या विषयांपासून करावी, कारण प्रवेशाचा नियम बदलला की त्याचा पहिला परिणाम तिथेच दिसतो. कोणती पूर्वतयारी असलेला विद्यार्थी आत येणार आणि पहिल्या सत्राचे शिक्षक कोणती पूर्वतयारी गृहीत धरून शिकवणार, या दोन प्रश्नांची उत्तरे प्रस्तावात बहुधा वेगवेगळ्या माणसांनी वेगवेगळ्या महिन्यांत लिहिलेली असतात. ती एकमेकांशी जुळतात का, हे पाहणे हेच छाननी समितीचे पहिले काम आहे.

त्यानंतर एक मोठा कागद घेऊन सर्व विषयांची बाणांची आकृती काढावी : कोणता विषय शिकल्याशिवाय कोणता समजत नाही. येथे तक्त्यातील ‘पूर्वअट’ या रकान्यावर विसंबू नये. तिथे ‘नाही’ असे लिहिलेले असते आणि प्रत्यक्षात पाचव्या सत्रातल्या संशोधनपद्धतीचे पहिले प्रकरण समाश्रयणापासून (एका गोष्टीवरून दुसरीचा अंदाज बांधण्याची सांख्यिकीतील रीत, रिग्रेशन) सुरू होते. आपल्या प्रस्तावात सांख्यिकी ऐच्छिक होणार असेल, तर तो विषय न घेतलेल्या विद्यार्थ्याला पुढच्या कोणत्या विषयात अडचण येईल आणि ती कोण सोडवणार, याचे उत्तर विभागाकडून लेखी मागावे. साधारणपणे असे होते, की पुढच्या विषयाचा शिक्षक पहिले तीन आठवडे सांख्यिकीची उजळणी घेतो, त्याचा स्वतःचा भाग अपुरा राहतो आणि ज्यांनी सांख्यिकी घेतले होते ते कंटाळतात. याच आकृतीत सर्वांत लांब साखळी कोणती हेही पाहावे. चार विषयांची साखळी दुसऱ्या सत्रात सुरू होत असेल आणि त्यातला पहिला विषय वर्षातून एकदाच शिकवला जात असेल, तर त्यात अनुत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्याचे एका विषयासाठी पूर्ण वर्ष जाते. प्रस्तावातली लवचिकता या साखळीत अनेकदा संपते.

श्रेयांकांबाबत (क्रेडिट) एक गोष्ट सांगतो. श्रेयांक म्हणजे केवळ व्याख्यानाचे तास नव्हेत. त्यात स्वाध्याय, प्रात्यक्षिक आणि परीक्षेची तयारीही धरायची असते. युरोपातील श्रेयांक पद्धतीत पूर्ण वर्षाचे ६० श्रेयांक असतात आणि एका श्रेयांकामागे विद्यार्थ्याचे २५ ते ३० तासांचे काम अपेक्षित असते, म्हणजे वर्षाला १,५०० ते १,८०० तास. आपल्याकडचा हिशोब वेगळा असू शकतो, पण प्रश्न तोच राहतो : तीन श्रेयांकांचा विषय चार श्रेयांकांचा झाला, तर विद्यार्थ्याचे काम कोणत्या बाबतीत वाढले? घटकांची यादी जुनीच असेल, तर फक्त आकडा बदलला आहे.

सर्वांत दुर्लक्षित भाग म्हणजे मधल्या वर्षांत अडकलेले विद्यार्थी. जुन्या अभ्यासक्रमात प्रवेश घेतलेल्यांसाठी समकक्षता तक्ता, म्हणजे जुन्या विषयाच्या जागी कोणता नवा विषय धरायचा याची यादी, आहे का, जुन्या विषयाच्या परीक्षा किती काळ होतील आणि मध्येच खंड पडलेला विद्यार्थी परत आला तर त्याला कोणता नियम लागू होईल, हे स्पष्ट लिहिलेले असले पाहिजे. मी पाहिलेल्या एका प्रस्तावात हा तक्ता अगदी नेटका होता; फक्त एका विषयासमोर समकक्ष विषयाच्या रकान्यात आडवी रेघ होती, आणि सर्वांत जास्त विद्यार्थी नापास होत होते तो हाच विषय. समितीच्या बैठकीत त्या रेघेकडे एका लिपिकाने लक्ष वेधले, प्राध्यापकांपैकी कोणी नाही.

ठराव वेगळे करण्याची सूचना करायला काहीच हरकत नाही. तिन्ही बदल एकाच वर्षी लागू झाले आणि पुढे निकाल घसरला किंवा सुधारला, तर तो कशामुळे हे कोणालाही सांगता येणार नाही, एवढे कारण त्यासाठी पुरेसे आहे.

आलेख

‘संबंध आढळला नाही’ या वाक्याबद्दल लिहितो, कारण माझे काम आकडेवारीचे आहे आणि हे वाक्य जवळपास प्रत्येक प्रस्तावात भेटते.

विभागाकडे ज्यांचा पहिल्या वर्षाचा निकाल आहे ते सर्व विद्यार्थी परीक्षेत वरचे गुण मिळवून आत आलेले आहेत. ज्यांना कमी गुण मिळाले ते आलेच नाहीत, म्हणून त्यांचा निकाल काय लागला असता हे त्या माहितीत नाही. गुणांची व्याप्ती अशी आक्रसली, की संबंध प्रत्यक्षात असला तरी गणितात तो क्षीण दिसतो. त्यामुळे हे विधान खोटे आहे असे म्हणता येत नाही, पण त्यावरून परीक्षा निरुपयोगी आहे असेही ठरत नाही. व्याप्तीच्या या मर्यादेचा विचार केला आहे का, आणि हाच हिशोब शालेय गुणांसाठी केल्यावर काय दिसले, हे दोन प्रश्न विभागाला विचारा. दुसरा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे, कारण तुलना परीक्षेची आणि तिच्या जागी येणाऱ्या गोष्टीची करायची आहे.

एकत्रित टक्केवारीवरही विसंबू नका. बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात १९७३ सालच्या पदव्युत्तर प्रवेशांत अर्जदार पुरुषांपैकी सुमारे ४४ टक्के आणि स्त्रियांपैकी सुमारे ३५ टक्के जणांना प्रवेश मिळाला होता. विभागवार पाहिल्यावर मात्र बहुतेक विभागांत स्त्रियांविरुद्ध कल दिसला नाही, आणि एकूण हिशोबात थोडासा कल उलट त्यांच्या बाजूचा निघाला. स्त्रियांचे अर्ज ज्या विभागांत जास्त होते तिथे मुळातच कमी अर्जदारांना प्रवेश मिळत होता. हे विश्लेषण १९७५ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले आणि आजही सांख्यिकीच्या वर्गात शिकवले जाते. नव्या नियमामुळे सर्वसमावेशकता वाढेल असा दावा असेल, तर तो कोणत्या गटासाठी आणि कोणत्या शाखेत, हे गटवार आकड्यांत मागावे.

प्रवेश परीक्षा काढून टाकण्याचे अलीकडचे दोन अनुभव आपल्या समितीला उपयोगी पडतील. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या प्राध्यापकांच्या कार्यगटाने २०२० साली अहवाल दिला, की त्यांच्या विद्यापीठात प्रमाणित चाचणीचे (एसएटी, एसीटी) गुण पहिल्या वर्षाच्या कामगिरीचा अंदाज शालेय गुणांपेक्षा अधिक चांगला देतात, आणि तूर्त चाचणी चालू ठेवावी. प्राध्यापकांच्या सभेने त्याला पाठिंबा दिला. तरीही नियामक मंडळाने त्याच वर्षी मे महिन्यात ती टप्प्याटप्प्याने बंद करण्याचा निर्णय घेतला. संधीची समानता हा मुद्दा त्या मंडळाला अधिक वजनदार वाटला आणि तसे वाटण्याचा त्याला अधिकार होता. पण अंदाज किती अचूक हा प्रश्न वेगळा आणि कोणते मूल्य श्रेष्ठ हा प्रश्न वेगळा, हे तिथे स्पष्ट दिसले. आपल्या प्रस्तावात दुसऱ्याचे उत्तर पहिल्याच्या नावाखाली दिले आहे, असे मला वाटते.

दुसरा अनुभव मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीचा. कोविड महासाथीत स्थगित केलेली चाचणीची अट त्यांनी मार्च २०२२ मध्ये पुन्हा लागू केली. तिथे शाखा कोणतीही असो, प्रत्येक विद्यार्थ्याला कलनाचे (कॅल्क्युलस) दोन आणि भौतिकीचे दोन विषय करावेच लागतात, आणि ते झेपतील का हे ठरवताना गणिताचे गुण उपयोगी पडतात, असे कारण त्यांनी दिले. शाळेत प्रगत विषय शिकण्याची सोयच नसलेल्या हुशार मुलांना आपली क्षमता दाखवण्याचा मार्ग चाचणीमुळे मिळतो, असेही त्यांनी म्हटले. म्हणजे प्रवेशाची अट त्यांनी अनिवार्य विषयांकडे बघून ठरवली. समासटीप यांनी वर जे पहिल्या सत्राबद्दल लिहिले आहे तेच हे, फक्त दुसऱ्या टोकाकडून.

मुलाखतीबद्दल थोडक्यात. अर्जदार ९०० आणि प्रत्येकी १५ मिनिटे धरली तर २२५ तास होतात, आणि दोन सदस्यांचे मंडळ धरले तर त्याच्या दुप्पट. हे तास कोणाच्या कार्यभारात धरले आहेत? प्रश्न सर्वांना सारखे असतील का, आणि दोन्ही सदस्य एकमेकांशी बोलण्यापूर्वी स्वतंत्रपणे गुण लिहितील का? यांची उत्तरे नसतील, तर ज्या मुलाला चारचौघांत सफाईने बोलायची सवय आहे त्याचे गुण वाढतील आणि सर्वसमावेशकतेचा हेतू तिथेच फसेल.

तिसरा बाक

वरील दोन्ही प्रतिसाद मोलाचे आहेत, पण ठराव वेगळे करण्याच्या सल्ल्याशी मी सहमत नाही. ठराव तोडले की सर्वांत सोपा तुकडा आधी मंजूर होतो, आणि येथे तो तुकडा प्रवेशक्षमतेचा आहे, कारण त्याने शुल्काची रक्कम वाढते. ९० जागा पुढच्या वर्षापासून लागू होतील आणि पूर्वतयारीचे वर्ग, नवे शिक्षक, मुलाखतीचे नियम यांवर ‘स्वतंत्रपणे विचार करण्यात येईल’. तो विचार कोणत्या बैठकीत झाला, हे नंतर कोणालाच सांगता येत नाही. त्यापेक्षा ठराव एकच ठेवून त्याचा क्रम आणि अटी घाला : आधी अभ्यासक्रम, मग प्रवेशनियम, आणि रिकाम्या पदांवर नेमणुका झाल्याशिवाय जागा वाढवायच्या नाहीत.

आणखी एक. आपली समिती छाननीसाठी आहे. सांख्यिकी कोणत्या सत्रात असावे याबद्दल समितीतल्या प्रत्येकाचे मत असणार, पण दुसऱ्याचा अभ्यासक्रम बैठकीत बसून नव्याने लिहायला घेतला की विभाग दुखावतो आणि योग्य हरकतीही ऐकून घेत नाही.

कोरी पाटी

सर्वांचे मनापासून आभार. सांगितल्याप्रमाणे परिशिष्टे आधी वाचली. प्रयोगशाळेच्या वेळापत्रकात तुकड्या जुन्याच आहेत, म्हणजे ६० विद्यार्थ्यांच्या; उरलेले ३० कुठे बसणार याचा उल्लेख नाही. मुलाखतीच्या गुणपत्रकात ‘व्यक्तिमत्त्व’ असा एकच रकाना असून त्याला २० गुण आहेत. क्रम आणि अटींची सूचना मला पटली; ठराव तोडा असे मी आता म्हणणार नाही. अडचण अशी, की अध्यक्षांना एकमताचा अहवाल हवा आहे आणि दोन सदस्यांचा मुलाखतीला ठाम विरोध आहे. अशा वेळी अहवाल कसा लिहावा?

समासटीप

तिसरा बाक यांचा मुद्दा मलाही मान्य आहे. अट पाळली जाईल अशी व्यवस्था असेल तर एकच ठराव बरा. त्यासाठी प्रत्येक अट तपासता येईल अशी लिहा. ‘पुरेशी शिक्षकसंख्या असावी’ असे लिहू नका. कोणती पदे, किती, कोणत्या तारखेपर्यंत आणि पूर्ततेचे प्रमाणपत्र कोणत्या कार्यालयाने द्यायचे, हे लिहा.

अहवालात निष्कर्ष आणि शिफारस वेगळ्या ठेवा. प्रयोगशाळेत तुकड्या ६० च्या आहेत आणि मुलाखतीच्या गुणपत्रकात निकष नाहीत, हे निष्कर्ष आहेत. त्यांवर सर्वांची सही व्हायला अडचण येऊ नये. मुलाखत असावी की नसावी ही शिफारस आहे आणि तिथे दोन सदस्यांनी आपले भिन्न मत सकारण लिहून अहवालाला जोडावे. ते केवळ इतिवृत्तात नोंदवले, तर विद्या परिषदेच्या विषयपत्रिकेबरोबर ते सदस्यांपर्यंत पोहोचेलच असे नाही. अध्यक्षांना एकमत हवे असेल तर ते निष्कर्षांच्या भागावर मिळते आहे, असे त्यांना सांगून पाहा.

बैठकीपूर्वी विभागाला प्रश्न लेखी पाठवा आणि आलेली उत्तरे शब्दशः जोडा, त्यांचा सारांश करू नका. प्रवेश परीक्षा बंद करण्याची शिफारस झालीच, तर शेवटच्या काही तुकड्यांचे परीक्षेचे गुण, शालेय गुण आणि सत्रवार निकाल ओळख लपवून जतन करण्याची अट त्याच कलमात घाला. परीक्षा बंद झाल्यावर ही माहिती कोणी गोळा करत नाही, आणि तीन वर्षांनी आढावा घ्यायचा ठरला तर तुलनेला काहीच उरत नाही.

आलेख

जतन करायच्या माहितीत ज्यांना प्रवेश नाकारला त्यांचे गुणही ठेवा. त्यांचा पुढचा निकाल मिळणार नाही, पण व्याप्ती किती आक्रसली होती याचा अंदाज त्याशिवाय बांधता येत नाही, आणि मूळ प्रस्तावातले ते एक वाक्य तपासायचे असेल तर आताही पहिली मागणी याच आकड्यांची करावी लागेल.