लाकडी परफ्यूम अंगावर कसा उलगडतो? (अनुभव धागा)

नाकदार

चंदन, सीडर, वाळा, पचौली, ऊद यांपैकी काहीही मुख्य असलेला परफ्यूम अंगावर लावून शेवटपर्यंत हुंगला असेल तर इथे लिहा. 'भारी आहे' एवढ्यावर भागवू नका. कुठे लावला, किती फवारला, किती वेळाने काय बदललं, काय बिघडतं आणि का, ते हवं.

पद्धतीपासून सुरुवात करते. जागा म्हणजे कोपराच्या आतला खळगा. मनगट दिवसभर धुतलं जातं, घड्याळाच्या पट्ट्याखाली घामेजतं. हात बिनवासाच्या साबणाने धुवायचा, पूर्ण कोरडा करायचा आणि वीतभर अंतरावरून एकच फवारा मारायचा. एका फवाऱ्यात साधारण 0.1 मिली द्रव येतो, चाचणीला तेवढा पुरे. पहिलं मिनिटभर नाक लांब ठेवा. तेव्हा मुख्यतः अल्कोहोल उडत असतं आणि नाक चरचरतं. मग 5 मिनिटं, अर्धा तास, 2 तास, 5 तास आणि दुसऱ्या दिवशी सकाळी हुंगून दोन-दोन शब्द टिपून ठेवा. मधेमधे हुंगायचा मोह आवरा. नाक सरावतं आणि पुढच्या नोंदी बिघडतात.

दोन तासांच्या आत निकाल देऊच नये, असं माझं ठाम मत आहे. पहिल्या दहा मिनिटांवर भुलून बाटली घेतली, तर बर्गमॉट (एक लिंबूवर्गीय फळ) आणि मिरी विकत घेतलीत, लाकूड नाही.

रेणूवाला

त्यामागचं कारण सोपं आहे. लिंबूवर्गीय वासातल्या लिमोनीनचा रेणुभार 136, चंदनातल्या सँटलॉलचा 220. हलका आधी उडतो. शिवाय सँटलॉल हे रसायनशास्त्राच्या भाषेत अल्कोहोल कुळातलं (फवाऱ्यातलं चटकन उडणारं अल्कोहोल नव्हे), त्याचे रेणू एकमेकांना धरून राहतात, त्यामुळे ते आणखीच सावकाश उडतं. लाकूड 'नंतर येतं' हा भास आहे. ते पहिल्यापासून असतंच, फक्त पुढे दाटी करणारे निघून गेले की कळतं.

बाटलीवर ओ द त्वालेत (EDT) लिहिलं असेल तर सुगंधी अर्क साधारण 5 ते 15 टक्के, ओ द पार्फ्यूम (EDP) असेल तर 15 ते 20. पण एकाच नावाची ही दोन रूपं म्हणजे तेच मिश्रण पातळ आणि घट्ट, असं धरू नका. पुष्कळदा सूत्रच वेगळं असतं. दोन्ही हातांवर दोन्ही लावून बघा.

पट्टीबहाद्दर

दुकानात परफ्यूम फवारून हुंगायला देतात त्या कागदी पट्टीला बरेच जण हिणवतात. तसं कारण नाही, ती कशासाठी वापरायची ते कळलं पाहिजे. कागद खोलीच्या तापमानाला असतो, त्वचा साधारण 32 अंशांना. कागदाला तेल नाही, घाम नाही. म्हणून पट्टीवर तोच प्रवास फार संथ होतो आणि तळाचा वास दिवसेंदिवस टिकतो. पट्टी आणि हात एकाच वेळी फवारा. हातावर काही आंबूस निघालं आणि पट्टीवर त्याचा मागमूसही नसेल, तर दोष बहुधा घामाचा, लोशनचा किंवा कपड्यात राहिलेल्या साबणाचा.

कोरड्या त्वचेवर वास लवकर विरतो. दहा मिनिटं आधी बिनवासाच्या मॉइश्चरायझरचा पातळ थर द्या. जाड थर नको, वास दबतो.

दुसरा_फवारा

मनगटावर मनगट घासू नका. 'घासल्याने रेणू तुटतात' हे थोतांड आहे, रेणू असे तुटत नाहीत. होतं इतकंच की उष्णता वाढते, थर पसरतो, वरचे वास झटकन उडतात आणि तुम्ही सुरुवातीचा टप्पाच गाळता.

वखारवाला

प्रत्येक मालाची चाल वेगळी, म्हणून एकेक घेतो.

सीडरच्या नावाखाली निदान दोन माल येतात. व्हर्जिनिया सीडर हा वनस्पतिशास्त्रानुसार जुनिपर. कोरडा, सरळसोट, तासलेल्या पेन्सिलीचा वास. पेन्सिली त्याच लाकडाच्या बनत, त्यामुळे ही उपमा नाही, वस्तुस्थिती आहे. अ‍ॅटलस सीडर गोडसर आणि जरा तेलकट. 'सीडर मला खुपतो' म्हणणाऱ्यांनी कोणता खुपतो ते आधी शोधावं.

वाळा हे मूळ आणि पचौली हे पान, तरी दोन्ही लाकडी गटातच मोजतात. वाळा पहिल्या अर्ध्या तासात हिरवट-कडवट, पुढे मातकट होत जातो. हैतीचा स्वच्छ, जावाचा धुरकट. एर्मेसचा 'तेर द'एर्मेस' आणि लालिकचा 'आंक्र न्वार', दोन्ही 2006 चे, शेजारी शेजारी लावून पाहा. पहिला संत्र्याने उघडतो आणि गारगोटीसारख्या कोरडेपणावरून वाळा-सीडरवर उतरतो. दुसरा जवळजवळ सुरुवातीपासूनच काळपट वाळा आहे. एकच घटक मांडणीने किती बदलतो ते यात कळतं.

पचौली सुरुवातीला कापरासारखी आणि बुरसट वाटते. तिथेच हात धुवायला पळू नका. तासाभरात बुरसटपणा बसतो आणि गोडसर मातीचा वास उरतो. खऱ्या ऊदाचंही तसंच: आधी गोठ्याचा दर्प, मग राळ आणि धूर. ऊद म्हणजे अ‍ॅक्विलेरिया झाडाला इजा किंवा बुरशी झाल्यावर लाकडात साठणारी राळ, त्यामुळे माल दुर्मीळ. स्प्रेच्या बाटल्यांमध्ये बहुतेकदा ऊदाचा आभास देणारं मिश्रण असतं. ते फारसं बदलत नाही. पाच मिनिटांचा आणि पाच तासांचा वास सारखाच, फक्त मंद.

चंदन मुळातच हळू आवाजात बोलतं. हातभर अंतरावरून ते शोधू नका, नाक त्वचेला टेकवा. दुधाळ, मऊ, किंचित आंबट.

गायब_वास

'तासाभरात उडून गेला' या तक्रारीत निम्म्या वेळा परफ्यूम उडालेला नसतो, नाक थकलेलं असतं. आयसो ई सुपर या लाकडी वासाच्या कृत्रिम रेणूबाबत हे हमखास. 2006 चा 'मॉलेक्यूल 01' हा परफ्यूम म्हणजे अल्कोहोलात विरघळवलेला एवढा एकच सुगंधी रेणू. लावणाऱ्याला तो मधेच नाहीसा होतो, मधेच परत येतो, आणि शेजारच्याला मात्र सतत येत असतो. काहींना तो जवळपास येतच नाही.

तपासायचं कसं? दहा-पंधरा मिनिटं मोकळ्या हवेत जाऊन या आणि परत हुंगा. किंवा दुसऱ्या कोणाला हातभर अंतरावरून विचारा. नाक 'ताजं' करायला कॉफीचे दाणे हुंगण्याची गरज नाही, साधी हवा तेवढंच काम करते. वास गेला असं समजून वर आणखी चार फवारे मारणं हा सगळ्यात त्रासदायक प्रकार, विशेषतः लिफ्टमध्ये.

शंकासूर

चंदनाचा म्हणून घेतलेला परफ्यूम जवळजवळ बिनवासाचा लागत असेल तर?

गायब_वास

शंकासूर, मोठे रेणू ओळखण्याची क्षमता माणसागणिक वेगळी असते. कृत्रिम चंदनाचे रेणूही अनेक आहेत: जावानॉल, एबॅनॉल, पॉलिसँटॉल. एक येत नसेल तर दुसरा लख्ख येऊ शकतो. म्हणून किमान तीन वेगवेगळ्या कंपन्यांची चंदनं लावल्याशिवाय 'मला चंदन येत नाही' असं ठरवू नका.

वखारवाला

एक राहिलंच. हल्लीच्या बऱ्याच 'वूडी' बाटल्यांमध्ये नॉर्लिंबॅनॉल, अँब्रोसेनाइड अशी अतिजबर कृत्रिम लाकडं असतात. ती शेवटपर्यंत दबून राहत नाहीत. तिसऱ्या-चौथ्या तासाला बाकी सगळं विरलं की नाकाच्या वरच्या भागात टोचणारा, धातूसारखा कोरडा वास उरतो. मात्रा अगदी कणभर असली तरी पुरते, आणि कपड्यावर बसला की एका धुण्यात जात नाही. म्हणून अनोळखी बाटलीची पहिली चाचणी बाहीवर नको.

दुसरा_फवारा

एका दिवशी दोनच, प्रत्येक हाताला एक. त्यात एक ऊदाचा असेल तर दुसरा वेगळ्या दिवशी. उकाड्यात सगळं लवकर उडतं आणि जास्त पसरतं, थंडीत वाळा-सीडर आखडून बसतात. त्यामुळे एका ऋतूत नापास झालेल्याला दुसऱ्या ऋतूत पुन्हा संधी द्या.

अंगावरून काढायचा असेल तर नुसतं साबण-पाणी पुरत नाही. आधी कुठलंही बिनवासाचं तेल चोळा, पुसा, मग साबण. खाज किंवा लाली एक-दोन दिवसांनीही उठू शकते, तोवर त्याच जागी दुसरा काही लावू नका.