आमच्या घरातले संत : बेळगाव, खानापूर, लोंढ्याकडचे अनुभव लिहा

मंगळवारी संध्याकाळी कॅम्पात चर्चसमोर बायकोची वाट बघत उभा होतो. शेजारचा रिक्षावाला म्हणाला, "आज काय सण आहे काय तुमचा?" म्हटलं, सण नाही, मंगळवार. संत अंतोनीचा वार. "म्हणजे तुमच्यातबी वार असतात?" असतात की! बुधवार योसेफाचा, गुरुवार बाळ येशूचा, शनिवार मरियामातेचा. त्याला एकदम आपलंसं वाटलं, आपले गुरुवार-शनिवार सांगत बसला.

त्यावरून हा धागा काढतोय. चमत्कार नकोत, ते नोव्हेनाच्या (नऊ दिवसांच्या प्रार्थनेच्या) पुस्तकात शेवटी छापलेले असतात. तुमच्या घरात कुठला संत आहे, कुणी आणला, रोज त्याच्याशी कसं वागता ते लिहा. भाषेचं मनावर घेऊ नका. आपल्याकडे मिस्सा (चर्चमधली उपासना) एका भाषेत, तेर्स (जपमाळेची प्रार्थना) दुसऱ्या भाषेत आणि भांडण तिसऱ्याच भाषेत होतं.

लोंढा

आमचे आजोबा रेल्वेत. क्वार्टरमध्ये कपाटावर फुटभर उंचीचा अंतोनी, हातात बाळ येशू. शामायचा, म्हणजे आजीचा, आणि त्याचा रोजचा व्यवहार. काही हरवलं की ती त्याला भिंतीकडे तोंड करून उभा करायची. "सापडलं की वळवते, तोवर तसाच राहा." शिक्षाच ती. एकदा आजोबांचा पास हरवला आणि अंतोनी आठवडाभर भिंतीकडे बघत होता. पास निघाला शामायच्याच मिस्साच्या पुस्तकात, खूण म्हणून घातलेला. तिनं गुपचूप त्याला वळवला, पुढ्यातल्या डब्यात चार आणे जास्तीचे टाकले. तो डबा 'अंतोनीच्या पावाचा'. भरला की पाव आणून स्टेशनवरच्या भिकाऱ्यांना वाटायचे. आम्हाला त्यातला एकही मिळायचा नाही.

हरवलेल्या वस्तूंचं खातं त्याच्याकडे का, हे मला फार उशिरा कळलं. त्याचं स्वतःचंच पुस्तक गेलं होतं! छापखाने नव्हते तेव्हा; स्तोत्रांचं हातानं लिहिलेलं पुस्तक, त्यात त्यानं शिकवण्यासाठी केलेली टिपणं. मठ सोडून जाणाऱ्या एका नवशिक्यानं ते उचललं. अंतोनीनं प्रार्थना केली, आणि पोरगा पुस्तक घेऊन परत आला, अशी कथा. आपली वस्तू गेल्यावर जीव कसा होतो हे ठाऊक असलेला माणूस. शामायला हे माहीत असतं तर तिनं त्याला भिंतीकडे वळवला असता का, कोण जाणे. बहुतेक वळवला असताच.

बेळगाव, टिळकवाडी

छोटंसं. 2002 साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी जपमाळेत प्रकाशाची रहस्यं (जप करताना मनात आणायचे येशूच्या आयुष्यातले प्रसंग) घातली आणि गुरुवार त्यांना दिला. आमच्या आईनं ते मान्य केलं नाही. गुरुवारी पूर्वीपासूनची आनंदाची रहस्यं म्हणजे आनंदाचीच. फादरांनी घरी येऊन समजावलं, चहा पिऊन गेले. ती जाईपर्यंत आमच्या घरात गुरुवारी प्रकाश आला नाही.

खानापूर

मी जुन्या गोव्याला चालत जातो, सायबाच्या, म्हणजे संत फ्रान्सिस झेवियरच्या, फेस्ताला (सणाला). आमच्या गल्लीतले पंधरा-वीस जण असतो. फेस्त 3 डिसेंबरचं, म्हणून नोव्हेंबर संपता संपता निघायचं. जांबोटी, कणकुंबी, मग चोर्ला घाट उतरून साखळी. लोकांना वाटतं घाट अवघड. घाट नाही हो, कणकुंबीची रात्र अवघड. थंडी अशी की दात वाजतात, आणि अस्वलाचं रान, त्यामुळे पहाटेच्या अंधारात कुणी एकटं पुढे जायचं नाही. मलप्रभा उगम पावते तिथं पाय धुतले की दोन मिनिटं पायच नाहीत असं वाटतं.

चालताना तेर्स चालू. पुढचा अर्धं म्हणतो, मागचे अर्धं. चढावर दम लागला की मागच्यांचा आवाज गळतो, आणि पुढचा ओरडतो, "मेलात काय रे?" तेही प्रार्थनेच्या मधेच.

पहिल्या वर्षी मी नवस म्हणून गेलो होतो, मुलाच्या नोकरीसाठी. नोकरी लागली नाही. दुसऱ्या वर्षी रागानं गेलो. तिसऱ्या वर्षी का गेलो ते सांगता येत नाही. वाटेत बुजुर्ग सांगत होते की झेवियर 1542 साली गोव्यात आला तेव्हा हातात घंटी घेऊन रस्त्यानं फिरायचा, पोरं गोळा करून त्यांना प्रार्थना शिकवायचा आणि इस्पितळात आजाऱ्यांपाशी जायचा. मला ती घंटी आवडली. एवढ्या मोठ्या माणसाला पोरं जमवायला घंटी वाजवावी लागत होती.

बेळगाव, नर्स

माझा संत जुझे वाज. झेवियर लांबून आला, हा आपल्या शेजारचा. 1651 साली बाणावलीत जन्मला. 1687 मध्ये श्रीलंकेत उतरला तो मजुराच्या वेशात, कारण डच राजवटीत कॅथलिक पाद्र्यांना बंदी होती. हगवणीनं अर्धमेला झालेला. मग गळ्यात जपमाळ घालून दारोदार भीक मागत फिरला. माळ बघून ज्याचे डोळे हलतील तो आपला, असा हिशोब. पुढे कँडीत देवीची साथ आली, लोक आजाऱ्यांना टाकून पळाले, हा राहिला.

2020 साली वॉर्डात ड्यूटी असताना मला हा शेवटचा भाग सारखा आठवायचा, आणि खरं सांगते, तेव्हा त्याचा रागही यायचा. त्याला घरी म्हातारी सासू नव्हती. पीपीई घातल्यावर माळ हातात घेता येत नाही. मग हातमोज्यातच दहा बोटांवर माळेतल्या दहा 'नमो मरिया' प्रार्थना मोजायची. त्याला 14 जानेवारी 2015 रोजी संत घोषित केलं. सण 16 जानेवारीचा, तेव्हा आमच्या स्टाफरूममध्ये तिळगुळाचे डबे उघडेच असतात.

निपाणी, मुलांचे धर्मशिक्षणाचे वर्ग घेतो

सगळं गोड आहे, पण आराधना देवाची. संतांना आपण फक्त शब्द टाकायला सांगतो. अंतोनी हरवल्या-सापडल्याचा कारकून नव्हे. 13 जून 1231 ला गेला आणि वर्षाच्या आत संत घोषित झाला, ते त्याच्या प्रवचनांवर आणि पवित्र जीवनावर. मुलांना हेही सांगा.

लोंढा

मास्तर, बरोबर आहे. शामायपुढे म्हणून दाखवायला हवं होतं तुम्ही.

जांबोटी

मी माळकरी, हा धागा माझा नव्हे. पण चालत जाणारे आमच्या दारावरून जातात. वडिलांपासूनची रीत आहे, पायी देवाला निघालेल्याला चहा विचारायचा. देव कुठला ते विचारायचं नाही. एका वर्षी एकानं माळ बघायला दिली. माझे मणी 108, त्याचे मोजले तर 59. म्हटलं, तुमचं लवकर आटपतं. तो म्हणाला, "पाच वेळा फिरतंय ओ काका."

खानापूरकर, यंदा कधी निघताय ते दोन दिवस आधी कळवा. दूध सांगून ठेवावं लागतं.