ठसे 'जुळले' म्हणजे नक्की काय झालं?

कानामात्रा:
गुन्ह्याच्या बातमीचा अनुवाद करतोय. 'जैवमितीय ओळख' लिहिलं तर संपादक म्हणतात कळत नाही, 'बायोमेट्रिक' ठेवलं तर म्हणतात मराठी लिहा. रेशन दुकानात लोक सरळ 'अंगठा लागत नाहीये' म्हणून मोकळे होतात. मी काय लिहू?

बोरूबहाद्दर:
बायोमेट्रिक राहू द्या, ते रुळलंय. त्याहून बरं म्हणजे काय घेतलं ते लिहा: बोटांचे ठसे, तळव्याचे ठसे, बुबुळाचं स्कॅन, फोटो. 2022 च्या फौजदारी प्रक्रिया (ओळख) कायद्यात या सगळ्याला मिळून 'मेझरमेंट्स' म्हटलंय. सही, हस्ताक्षर, जैविक नमुनेही त्यातच कोंबलेत. 'मोजमाप' म्हटलं की आपल्याला शिंपी आठवतो, पण पॅरिस पोलिसांतला बर्तियाँ 1880 च्या दशकात कैद्यांचं डोकं, मधलं बोट, डावं पाऊल खरोखरच मोजायचा. आपल्या 1920 च्या कायद्यातही हाच शब्द होता, तेव्हा त्यात बोटांचे आणि पावलांचे ठसे धरले होते. आता तोच फुगवलाय, आणि नोंदी राहणार 75 वर्षं.

जुनी मोडी:
'अंगुलिमुद्रा' विसरलात! पुण्यात सीआयडीचं अंगुलिमुद्रा केंद्र आहे. बोलताना मात्र पोलीस 'ठसे'च म्हणतात, आणि घटनास्थळी नकळत उमटलेल्याला 'चान्स प्रिंट'.

बोटांवरच्या रेषांना आपल्याकडे शंख, चक्र म्हणतात ना, त्या चक्रांवरच जगभरातल्या पोलिसांचं दप्तर चाललं. 1897 मध्ये कलकत्त्यात ठशांचं कार्यालय निघालं. एडवर्ड हेन्री साहेब, हाताखाली अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस. दहा बोटांच्या पाच जोड्या करायच्या, जोडीगणिक किंमत 16, 8, 4, 2, 1. चक्र असेल तरच किंमत धरायची, शंखाला आणि कमानीसारख्या रेषांना शून्य. पाचही जोड्यांतल्या पहिल्या बोटांची बेरीज वेगळी, दुसऱ्या बोटांची वेगळी, दोन्हींत एकेक मिळवायचा. झाले 32 गुणिले 32, म्हणजे 1024 कप्पे. हजारो कागदांतून नेमका कप्पा उघडता यायचा. या गणिताचं श्रेय हकांकडे जातं, पद्धतीला नाव मात्र साहेबाचं!

कानामात्रा:
वा, मोडीताई. पण मूळ बातमीत 'आरोपीचे ठसे जुळले' आहे. ते तरी ठेवू ना?

बोरूबहाद्दर:
खरी गोम तिथेच आहे. 'जुळले' म्हटलं की वाचकाच्या मनात निकाल लागतो. नाफिससारखी (पोलिसांची ठसे शोधणारी देशव्यापी संगणक प्रणाली) यंत्रणा मिळत्याजुळत्या ठशांची यादी पुढे टाकते. मग तज्ज्ञ भिंग लावून रेषा कुठे फुटते, कुठे संपते ते पाहतो. कोर्टात त्याचं ते मत असतं. जुन्या पुरावा कायद्यात कलम 45, आता भारतीय साक्ष्य अधिनियमात 39. तज्ज्ञही चुकतात: 2004 च्या माद्रिद बॉम्बस्फोटांनंतर एफबीआयने ठशावरून अमेरिकेतल्याच एका वकिलाला धरलं, आणि स्पेनच्या पोलिसांना तो ठसा दुसऱ्याचाच सापडला.

चेहऱ्याचं तर त्याहून ढिलं. दिल्ली पोलिसांनी माहिती अधिकारात कळवलं होतं की 80 टक्क्यांवर साम्य असेल तर ते 'पॉझिटिव्ह' धरतात. याला मराठीत 'ओळख पटली' म्हणायला माझी लेखणी धजत नाही. यंत्राचं असेल तर 'साम्य आढळलं' लिहा. तज्ज्ञाचं असेल तर 'तज्ज्ञाच्या मते ठसा आरोपीचा आहे'.

आणि 'ओळख परेड' यात घुसडू नका. तिथे साक्षीदार स्वतःच्या डोळ्यांनी ओळखतो.

जुनी मोडी:
क्रियापदही सांभाळा. 'अंगठा दिला' म्हणजे कर्जाच्या कागदावर 'निशाणी डावा अंगठा', मर्जीने. ठाण्यात ठसे 'घेतात'. नकार दिलात तर 2022 च्या कायद्याने तोच गुन्हा. स्वतःविरुद्ध साक्ष द्यायची सक्ती नाही ना, असं कुणी विचारेल. त्यावर सर्वोच्च न्यायालयाच्या 11 न्यायमूर्तींनी 1961 मध्येच, मुंबई राज्याच्या एका खटल्यात, ठसे देणं म्हणजे साक्ष देणं नव्हे असं ठरवलंय.

कानामात्रा:
मथळा बदलला: 'कपाटावरचा ठसा आरोपीचा, तज्ज्ञांचं मत'. संपादक म्हणाले, दम नाही. तरी तसाच गेला.
ता. क. 'अंगुलि'तली लि ऱ्हस्व की दीर्घ? कागदांत दोन्ही दिसतं.

जुनी मोडी:
समासात ऱ्हस्व. अंगुलिमुद्रा.