मदत हवी आहे: सासऱ्यांची सकाळची प्रार्थना

सर्वांना सलाम. आम्ही अचलपूर तालुक्यातले, शेतीवाले. माझे सासरे पहाटेच उठून प्रार्थनेला बसतात. पण रोज तीच एक गोष्ट. तरुणपणी दारूच्या नशेत धुऱ्याच्या (बांधाच्या) भांडणात त्यांनी सख्ख्या भावाला मारहाण केली, त्याच्या वावराचा एक पट्टाही दाबला. भाऊ आता हयात नाही. दारू केव्हाच सुटली, बाप्तिस्माही झाला, तरी रोज तेवढ्याचीच क्षमा मागतात अन् रडत उठतात. उपकारस्तुतीपर्यंत, म्हणजे देवाचे आभार मानण्यापर्यंत, प्रार्थना पोचतच नाही.

मी बायबलमधलं १ योहान १:९ वाचून दाखवलं, पाप कबूल केलं तर देव क्षमा करतो असं त्यात आहे. स्तोत्र १०३ चं बारावं वचन, पूर्व पश्चिमेपासून जितकी दूर तितकी देव आपली पापं दूर करतो, हे तर त्यांना पाठच आहे. म्हणतात, "पोरी, देवानं केलं असंल माफ, पण भाऊ कुठून आणू?" यावर मला काही सुचत नाही.

मला वाटतं, दाबलेला पट्टा पुतण्यांना परत द्यावा. जक्कय नावाच्या जकातदाराने येशूपुढे लुबाडलेलं चौपट परत द्यायची तयारी दाखवली, लूक १९ मध्ये आहेच. पण घरात हा विषय काढला की नवरा चिडतो. अन् मामंजींनी असं समजू नये की जमीन देऊन क्षमा मिळते. हा फरक त्यांना साध्या बोलीत कसा सांगू?

दुसरं, त्यांना वाचता येत नाही. सध्या कापूस वेचणी आहे, सकाळी वेळ थोडाच मिळतो. स्तोत्र ५१ ही पश्चात्तापाची प्रार्थना मोठी पडते. विलापगीत ३:२२-२३ (देवाची दया रोज सकाळी नवी होते) सारखी, पाठ होतील अशी छोटी वचनं सुचवा. कोणाच्या घरी असं कोणी होतं का? त्यांना कशानं बरं वाटलं?