मदत हवी आहे: टबाची केमिकल्स उन्हाळाभर पत्र्याच्या खोलीत राहिली, वापरू का?

नमस्कार. अमळनेर तालुक्यात आमची कापसाची शेती आहे. आईच्या गुडघ्यांसाठी भावाने मागच्या दिवाळीत फुगवायचा गरम पाण्याचा टब आणला. थंडीभर ती रोज संध्याकाळी त्यात बसायची आणि तिला खरंच आराम पडला. होळीनंतर टब घडी करून ठेवला आणि केमिकल्स शेतातल्या पत्र्याच्या खोलीत टाकली. टबाचं पाणी ४० अंशांच्या वर नेऊ नये म्हणतात, आमच्याकडे मे महिन्यात सावलीतच त्याहून जास्त असतं. त्या पत्र्याखाली काय झालं असेल!

काल खोली उघडली तर कडीकोयंडा गंजून लाल झालेला, मोटारीच्या स्टार्टरचे स्क्रू हिरवट. आई दारातच थबकली, "हाऊ वास कसाना शे?"

क्लोरीनच्या दाण्यांचा डबा अर्धा आहे, वर ढेकूळ धरलंय. हायपोचा (सोडियम हायपोक्लोराइट, म्हणजे द्रव ब्लीच) पाच लिटरचा कॅन फुगलाय. पीएच कमी करायची पावडर कोरडी आहे. पाणी तपासायच्या पट्ट्यांची मुदत संपली. यातलं काय चालेल? शेजारी युरियाच्या दोन गोण्या आणि डिझेलचा कॅनही आहे. पंधरा दिवसांत वेचणीचा कापूस तिथेच भरायचाय.

प्रतिसाद:
दादा, टबाचं नंतर बघू. आधी युरिया, डिझेल तिथून हलवा आणि कापूस त्या खोलीत भरू नका. क्लोरीन आणि युरिया एकत्र आले तर नायट्रोजन ट्रायक्लोराइड तयार होतं, ते स्फोटक असतं. डिझेल आणि कापूस क्लोरीनच्या दाण्यांच्या संपर्कात आले तर पेट घेऊ शकतात. गंज चढलाय म्हणजे वाफ इतके महिने बाहेर येतच होती.

हायपो उष्णतेने आणि उन्हाने आपोआप मरतो, त्यातून ऑक्सिजन सुटतो, म्हणून कॅन फुगला. सकाळच्या गारव्यात, उघड्यावर, हातमोजे आणि चष्मा घालून झाकण हळूहळू सैल करा. टबासाठी त्याचा भरवसा धरू नका. भरपूर पाण्यात घालून मोरी धुवा, पण संडास साफ करायच्या अ‍ॅसिडसोबत चुकूनही नाही, विषारी वायू सुटतो.

दाणे कोरडे असते तर दोन-तीन वर्षंही टिकले असते. ढेकूळ म्हणजे ओल शिरली. ठोकून फोडू नका, डबा घट्टही लावू नका, आत वायू साठतो. आईच्या अंगाला लागणारं पाणी आहे, नवा छोटा डबा घ्या. पीएचची पावडर चालेल, पण क्लोरीनपासून लांब ठेवा, ती आम्लच आहे. पट्ट्या मात्र नव्याच, चुकीचा रंग दाखवला तर क्लोरीन कमी की जास्त ते कळणारच नाही.

धागाकर्ता:
मनापासून आभार. युरिया आणि डिझेल आत्ताच हलवलं. गावात आमचं जुनं धाब्याचं घर आहे, मे महिन्यातही आत गार असतं, झरोका आहे, कोणी राहत नाही. नवा डबा तिथे ठेवला तर चालेल?

प्रतिसाद:
उत्तम जागा. जमिनीवर नको, उंचावर ठेवा. पीएचची पावडर दुसऱ्या कोपऱ्यात. प्रत्येकाला वेगळा, कोरडा प्लॅस्टिकचा चमचा. आणि दाराला कुलूप, गल्लीतली पोरं लपाछपी खेळायला तिथेच शिरतात.